सहीआधीचं गणित

अठराचा वर्ग ३२४. आता ३२४चा वर्ग करा आणि त्याला ६९७ने भागा. बाकी उरते ४२६. या ४२६चा वर्ग करून पुन्हा ६९७ने भागलं की बाकी २५६. आणि २५६चा वर्ग ६५,५३६. त्याला ६९७ने भागल्यावर बाकी येते १८. म्हणजे निघालो तिथेच परत. कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाच्या हे दुसऱ्या फेरीतच ध्यानात येईल आणि तो नाद सोडून देईल. पण ‘बाकी १ येईपर्यंत वर्ग करत राहा’ एवढंच ज्याला सांगून ठेवलंय, तो संगणक नाद सोडणार नाही. या चार आकड्यांत १ नाही आणि यांच्या बाहेर जायला वाट नाही. तो १८, ३२४, ४२६, २५६ असं वीज जाईपर्यंत, किंवा कुणी वैतागून प्रोग्रॅम बंद करेपर्यंत, घोकत बसेल.

१५ मार्च २०२२ रोजी ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरच्या चमूने जे जाहीर केलं, त्याचा गाभा एवढाच होता. त्यांच्या लायब्ररीत वर्गमूळ काढणारा एक छोटा भाग होता; त्याला ठरावीक प्रकारचे आकडे दिले की तो कधीच परत येत नसे. दोषाला नोंदक्रमांक मिळाला सीव्हीई-२०२२-०७७८. तो शोधला गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडीने आणि २४ फेब्रुवारीला ओपनएसएसएलला कळवला. दुरुस्ती गूगलचा डेव्हिड बेंजामिन आणि ओपनएसएसएलचा टोमाश म्राझ यांनी मिळून केली. चमूने दोषाची तीव्रता ठरवली ‘हाय’. त्यांच्या मोजपट्टीवर याच्या वर फक्त ‘क्रिटिकल’ उरतं.

वर्गमूळ अडकलं म्हणून एवढी धावपळ कशाला, हे समजायचं तर ओपनएसएसएल कुठे कुठे बसलंय ते आधी पाहायला हवं. वेबसाइटच्या पत्त्याआधी जे कुलूप बरीच वर्षं दिसत आलं, त्यामागचं कूटलेखनाचं काम करणाऱ्या लायब्ररींत ही सगळ्यांत जास्त वापरली जाणारी. १९९८च्या डिसेंबरात, एरिक यंग आणि टिम हडसन यांच्या एसएसएलईवाय या जुन्या कामावरून ती सुरू झाली. अपाची आणि एनजिनएक्स हे वेब-सर्व्हर, मेल पोचवणारे सर्व्हर, व्हीपीएन, राउटर, घरातली फाइल साठवायची पेटी, अशा असंख्य ठिकाणी ती आत असते आणि वापरणाऱ्याला तिचं नावही ठाऊक नसतं. नाव सर्वतोमुखी झालं ते एप्रिल २०१४मध्ये, हार्टब्लीडमुळे. तेव्हा सर्व्हरच्या मेमरीतले तुकडे परक्याच्या हाती पडत होते, त्यात पासवर्ड आणि गुप्त किल्ल्यासुद्धा.

वर्गमुळाच्या या दोषात तसं काहीच होत नाही. पासवर्ड सांडत नाही, किल्ली चोरीला जात नाही, एकही अक्षर बदलत नाही. फक्त काम थांबतं. संगणक-सुरक्षेत याला ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणतात. मालाला हात न लावता दुकान बंद पाडायचं. हा प्रकार हलका मानायची एक सवय आहे, आणि ती मला पटत नाही. ज्याचं तिकीट, औषध किंवा पगार पलीकडच्या सर्व्हरवर अडकलंय, त्याला ‘तुमचा डेटा मात्र अगदी सुरक्षित आहे’ हे सांगून काय उपयोग? अमेरिकेच्या राष्ट्रीय असुरक्षा-नोंदवहीने या दोषाला १०पैकी ७.५ गुण दिले. त्यातले गोपनीयतेच्या आणि अचूकतेच्या हानीचे रकाने कोरे आहेत. सगळी हानी उपलब्धतेच्या एकट्या रकान्यात मांडलेली आहे.

डिनायल ऑफ सर्व्हिस म्हटलं की सहसा डोळ्यांपुढे येते ती गर्दी. हजारो बळकावलेली यंत्रं एकाच वेळी एकाच दारावर धडकतात आणि दार कोसळतं. त्यासाठी फौज लागते, पैसा लागतो, आणि फौज दिसूनही येते. दोषावर बेतलेला हल्ला वेगळा. त्याला एका साध्या जोडणीतून पाठवलेली जेमतेम एखाद्या किलोबाइटची फाइल पुरते. गर्दी मोजणाऱ्या यंत्रणांना त्यात संशय घेण्यासारखं काही सापडत नाही, कारण एक पाहुणा आला आणि त्याने ओळखपत्र दाखवलं, एवढंच घडलेलं असतं.

ते ओळखपत्र म्हणजे सर्टिफिकेट. त्यात नाव असतं, मुदत असते, कुणी दिलं ते असतं, देणाऱ्याची सही असते आणि मुख्य म्हणजे धारकाची पब्लिक की, म्हणजे सगळ्यांना दाखवायची किल्ली, असते. पूर्वी ही की बहुतेक आरएसए पद्धतीची असे. आता इलिप्टिक कर्व्ह, म्हणजे वक्ररेषेवर आधारलेली पद्धतही सर्रास चालते. ती तोकड्या किल्लीत काम भागवते. २५६ बिटांच्या वक्राला जी ताकद, तीच आरएसएत हवी तर साधारण ३,०७२ बिट लागतात.

वक्राचं समीकरण शाळेतल्या बीजगणितासारखंच दिसतं: य² = क्ष³ + अक्ष + ब. फरक एवढाच, की सगळी आकडेमोड एका मोठ्या मूळ संख्येने भागून उरलेल्या बाकीवर चालते. पब्लिक की म्हणजे या वक्रावरचा एक बिंदू, म्हणजे क्ष आणि य अशा दोन संख्या. आता कुणाच्या तरी लक्षात आलं की दोन्ही पाठवायची गरजच नाही. क्ष दिला की समीकरणाच्या उजव्या बाजूवरून य²ची बाकी कळते. तिचं वर्गमूळ काढलं की य मिळतो. वर्गमुळं दोन असतात, त्यांतलं कोणतं ते सांगायला एक बिट पुरतो. पी-२५६ नावाच्या प्रचलित वक्रावरचा बिंदू पुरा लिहिला तर ६५ बाइट लागतात, आकसून लिहिला तर ३३. बत्तीस बाइट वाचले. त्या बदल्यात वर्गमूळ काढायचं काम फाइल वाचणाऱ्याच्या गळ्यात पडलं, आणि सगळी कथा या बदल्यात आहे.

बाकीवर चालणाऱ्या गणितातलं वर्गमूळ आपल्या नेहमीच्या वर्गमुळासारखं सरळ नसतं. १७,४२४चं वर्गमूळ काढायचं तर १३० लहान पडतं, १४० मोठं होतं, मग मधलं पाहा, असं करत जवळ जाता येतं. आता तेच ६९७ने भागून बघा. १३१च्या वर्गाची बाकी ४३३, १३२च्या वर्गाची ६९६, आणि १३३च्या वर्गाची २६४. एक पाऊल पुढे गेलं की उत्तर कुठल्या कुठे उडतं. ‘जवळ आलो’ याला इथे अर्थच नाही. लहान भाजक असेल तर एकेक संख्या घालून पाहता येईल; पी-२५६च्या ७८ आकडी भाजकाला विश्वाचं आयुष्य पुरणार नाही.

यावरचा मार्ग १८९१मध्ये आल्बेर्तो तोनेल्ली या इटालियन गणितज्ञाने दाखवला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या डॅनियल शँक्सने तो संगणकाला सोयीच्या रूपात मांडला. आज तो दोघांच्या नावाने ओळखला जातो. त्याचा आधार फर्माचा छोटा सिद्धान्त, १६४०चा. भाजक मूळ संख्या असेल, तर तिने निःशेष भाग न जाणाऱ्या कुठल्याही संख्येचा, भाजकाहून एकने कमी इतका घात केला की बाकी १ उरते. भाजक ४१ घ्या. एकने कमी म्हणजे ४०, आणि ४० म्हणजे ५ गुणिले २ गुणिले २ गुणिले २. म्हणजे कुठल्याही संख्येचा आधी पाचवा घात करा आणि मग तीनदा वर्ग करा, १ यायलाच हवा. संख्या ३ घेऊन पाहू. पाचवा घात २४३, बाकी ३८. त्याचा वर्ग केला की बाकी ९. पुन्हा वर्ग, ८१, बाकी ४०. पुन्हा वर्ग, १,६००, बाकी १. तीन वर्गांत मुक्कामी पोचलो. चौथ्याची पाळी कधीच येणार नाही, याची हमी फर्मा देतो.

तोनेल्ली–शँक्सची पद्धत या हमीवर उभी आहे. ती एक संख्या हाताशी धरते, तिचे किती वर्ग केल्यावर १ येतो ते मोजते, त्यावरून आपलं उत्तर थोडं दुरुस्त करते. दुरुस्तीनंतर जी नवी संख्या हाती येते, तिला १पर्यंत पोचायला आधीपेक्षा कमी वर्ग लागतात. असं करत करत हातातली संख्याच १ होते. तेव्हा वर्गमूळ तयार असतं. दर फेरीला अंतर घटतं म्हणून पद्धत थांबते. आणि अंतर घटतं ते भाजक मूळ आहे म्हणून.

आता भाजक ६९७ घ्या. ही मूळ संख्या नाही. १७ गुणिले ४१. हिच्यातून एक वजा केला की ६९६, म्हणजे ८७ गुणिले २ गुणिले २ गुणिले २. वरवर पाहता ४१सारखीच मांडणी, तीनच दोन. ६९६चं वर्गमूळ काढायला सांगितलं तर पहिली फेरी बिनबोभाट पार पडते. दुसऱ्या फेरीच्या तोंडाशी हातात येते ६४. तिचा वर्ग केला की बाकी ६११, मग ४२६, मग २५६, मग १८, मग ३२४, मग पुन्हा ४२६. इथून पुढची गोष्ट वाचकाला माहीत आहे. मजा म्हणजे उत्तर आहे. मघाशीच येऊन गेलं. १३२च्या वर्गाला ६९७ने भागलं की बाकी ६९६ उरते. इतकंच नव्हे, तर ३१९, ३७८ आणि ५६५ हीसुद्धा वर्गमुळंच. मूळ भाजकाला दोनच वर्गमुळं असतात, इथे चार निघाली. ज्या घरात दोनच दारं आहेत असं धरून पद्धत आखली, तिथे चार असली की ती गोंधळणारच.

गोंधळली तर गोंधळू दे, थांबायला काय झालं होतं? वर्ग मोजायला मोजणी होतीच की. या ठिकाणी कोड अगदी जवळून पाहण्यासारखा आहे.

ओपनएसएसएलच्या त्या भागाचं नाव बीएन-मॉड-एसक्यूआरटी. त्याच्या आत दोन आकडे होते: एक मोजणी, एक मर्यादा. मोजणी १पासून सुरू होई. वर्ग केला आणि १ आला नाही, की मोजणी एकने वाढवायची आणि विचारायचं, मोजणी मर्यादेइतकी झाली का? झाली तर ‘या संख्येला वर्गमूळ नाही’ असं कळवून बाहेर पडायचं. मर्यादा आपल्या उदाहरणात ३ने सुरू होते आणि दर फेरीनंतर खाली येते. पहिली फेरी संपली तेव्हा ती झाली १. दुसऱ्या फेरीत मोजणी १वर होती, वर्गाची बाकी आली ६११, म्हणून मोजणी वाढून झाली २. आता प्रश्न: २ म्हणजे १ आहे का? नाही. मग ३. ३ म्हणजे १ आहे का? नाही. मोजणी मर्यादेला ओलांडून पुढे निघून गेली होती, आणि कोड मात्र दोघी बरोबरीला येण्याची वाट पाहत बसला. ‘इतकी झाली का’ऐवजी ‘इतकी किंवा त्याहून जास्त झाली का’ असं विचारलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण ज्यांनी तो कोड लिहिला त्यांना दोष देण्याआधी त्यांची बाजूही पाहायला हवी. भाजक मूळ असेल, तर मर्यादा १वर येते तेव्हा हातातली संख्या आधीच १ झालेली असते. म्हणजे मोजणीच्या त्या भागात शिरायची वेळच येत नाही. गणिताच्या पुस्तकातून पद्धत उचलली, तशीच्या तशी उतरवली, आणि ती बरोबर होती. वर टीपही लिहून ठेवली होती की भाजक मूळ असलाच पाहिजे, आणि तिच्यापुढे उद्गारचिन्हही दिलं होतं. सिद्धान्ताच्या आरंभी ‘भाजक मूळ असेल तर’ अशी जी अट असते, ती इथे टिपेत जाऊन बसली. टीप वाचतो कोड वापरणारा प्रोग्रॅमर. भाजक पाठवणारा ती वाचत नाही, आणि त्याने वाचली तर आपल्या उपद्रवाची कल्पना त्याला तिथेच सुचेल.

मग भाजक पाठवतो कोण? तो तर ठरलेला असतो ना? असायला हवा. व्यवहारात दहा-वीस नावाजलेले वक्र वापरले जातात, त्यांचे भाजक छापील आहेत आणि ते मूळ आहेत हे पारखलेलं आहे. सर्टिफिकेटात ‘वक्र: पी-२५६’ एवढं नाव लिहिलं की काम भागतं. जाता जाता सांगायचं तर पी-२५६साठी तोनेल्ली–शँक्सची ही धडपड लागतही नाही. त्याचा भाजक अशा जातीचा आहे की एका घातात वर्गमूळ हाती येतं. पी-२२४चा भाजक मात्र चिवट, त्यातून एक वजा केला की तब्बल ९६ वेळा २ने भाग जातो. तिथे ही पद्धत खरोखर राबते.

पण सर्टिफिकेटच्या जुन्या नियमावलीत आणखी एक वाट ठेवली होती. नाव न घेता वक्राचा सगळा तपशील स्वतःच लिहून द्यायचा: भाजक हा, अ हा, ब हा, आरंभबिंदू हा. स्वतःचा वक्र काढणाऱ्या संशोधकांची सोय म्हणून. ही वाट धोक्याची आहे हे ओळखून इंटरनेटच्या मानकांत, मार्च २००९च्या आरएफसी ५४८०मध्ये, तिला स्पष्ट मनाई केली गेली. तरीही लायब्ररी अशी सर्टिफिकेटं वाचत राहिल्या. कुठेतरी, कुणाकडेतरी जुनं यंत्र असेल, ते अडेल, ही धास्ती. जानेवारी २०२०मध्ये याच वाटेने विंडोजला दणका बसला. तिथे हल्लेखोर आरंभबिंदू आपल्या मनासारखा लिहून दुसऱ्याच्या नावाने खोटी सही करू शकत होता. तो दोष अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने मायक्रोसॉफ्टला कळवला होता. त्यातून बाकीच्यांनी ही वाट बुजवायचा धडा घेतला असता तर बरं झालं असतं. दोन वर्षांनी त्याच वाटेने ६९७ची मोठी भावंडं आत येऊ शकत होती.

यावर कुणालाही पहिला सुचणारा उपाय: भाजक मूळ आहे का ते आधी तपासा. तपासता येतं. २००२मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी तर सिद्धच केलं, की कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे वाजवी वेळात आणि पक्कं ठरवता येतं. व्यवहारात त्याहून झटपट, मिलर–राबिनची संभाव्यतेवर चालणारी चाचणी वापरतात. पण ‘झटपट’ हे संख्येच्या आकारावर आहे. तपासायची संख्या परक्याने पाठवलेली असेल, तर तो ती हवी तेवढी लांबलचक पाठवेल, आणि तपासणीच दार अडवून बसेल. हे कल्पनेतलं नाही. जुलै २०२३मध्ये ओपनएसएसएलने डिफी–हेलमन या दुसऱ्या एका पद्धतीच्या किल्ल्यांच्या तपासणीतला नेमका असा दोष जाहीर केला: प्रचंड मोठा भाजक दिला की तपासणीलाच बेसुमार वेळ लागे. आणि २०१८मध्ये असंही निघालं होतं, की सर्व्हरने अवाढव्य मूळ संख्या पाठवली तर ती निखालस मूळ असूनही ग्राहकाकडचा प्रोग्रॅम किल्ली बनवण्यात अडकून पडे.

आता क्रमाबद्दल, कारण या दोषाला ‘हाय’ची तीव्रता मिळाली ती क्रमामुळे. सर्टिफिकेटवर मान्यताप्राप्त संस्थेची सही असते. तशी सही हल्लेखोराच्या बनावट सर्टिफिकेटवर नसणार. मग ते नाकारलं जाणार, असं वाटतं. नाकारलं जाणारच असतं. पण सही तपासायच्या आधी सर्टिफिकेट उलगडून वाचावं लागतं, आणि वाचताना त्यातली पब्लिक कीही मांडून घेतली जाते, आणि ती आकसलेली असेल तर वर्गमूळ काढलं जातं. समजा, एखाद्या कार्यालयाच्या आवक खिडकीवर अशी शिस्त आहे, की आलेल्या अर्जातले सगळे हिशेब आधी करून बघायचे आणि मग शिक्का आहे का ते पाहायचं. कुणी खोडसाळ माणूस न संपणारा हिशेब लिहून, शिक्क्याशिवाय, अर्ज सरकवून निघून जातो. कारकून शिक्क्यापर्यंत पोचतच नाही आणि मागची रांग ताटकळते. ओपनएसएसएलच्या निवेदनातही हाच मुद्दा ठळकपणे आहे: वाचन सहीच्या तपासणीआधी होतं, म्हणून बाहेरून आलेलं सर्टिफिकेट वाचणारी कुठलीही प्रक्रिया अडकू शकते.

गंमत म्हणजे ओपनएसएसएलने सप्टेंबर २०२०पासून, कडक तपासणीचा पर्याय निवडला असेल तर, असा स्वतःचा वक्र लिहिलेली सर्टिफिकेटं नाकारायला सुरुवात केलीही होती. ते नाकारणं तपासणीच्या टप्प्यात होतं, वाचनाच्या नव्हे. म्हणजे वर्गमूळ संपल्यानंतर. आणि १.०.२ ही जुनी आवृत्ती इथे किंचित सुरक्षित ठरली ती निव्वळ तिच्या आळसामुळे: ती सर्टिफिकेट वाचताना आतली की लगेच उलगडत नसे, लागेल तेव्हा उलगडे. पण सहीची तपासणी करायलाच की लागते, तेव्हा स्वतःच स्वतःची सही केलेलं सर्टिफिकेट पुढे केलं की तीही गोत्यात येई.

झळ कुणाला बसणार, याचं उत्तर जरा उलटं आहे. साधी वेबसाइट पाहुण्याकडे सर्टिफिकेट मागत नाही, स्वतःचं दाखवते. म्हणून तिच्यावर थेट हल्ला चालत नाही. जिथे ग्राहकालाही सर्टिफिकेट दाखवावं लागतं, अशी व्हीपीएनची प्रवेशद्वारं आणि कंपन्यांच्या आपसातल्या जोडण्या, ती सरळ माऱ्यात. एनजिनएक्ससारखा सर्व्हर सहसा प्रत्येक कोअरमागे एक कामगार-प्रक्रिया चालवतो, आणि एकेक कामगार एकाच वेळी शेकडो जोडण्या सांभाळतो. वर्गमुळात अडकलेला कामगार आपल्या वाट्याच्या सगळ्यांना घेऊन बुडतो. आठ कोअरच्या यंत्राला असे आठ पाहुणे बस झाले. आठही कोअर शंभर टक्के राबताना दिसतील आणि काम शून्य.

दुसरा गट म्हणजे स्वतःहून बाहेर जाणारे प्रोग्रॅम. तुम्ही चॅटमध्ये दुवा टाकला की त्याचं चित्र आणि मथळा दाखवण्यासाठी पलीकडचा सर्व्हर त्या पत्त्यावर जाऊन येतो. मेल पोचवणारा सर्व्हर समोरच्या मेल-सर्व्हरशी कूटजोडणी करतो. दोन्ही वेळा पत्ता हल्लेखोराचा असू शकतो, आणि सर्टिफिकेट दाखवणारा तोच. या क्षणी सर्व्हर ग्राहकाच्या भूमिकेत असतो, हे त्याचं संरक्षण आखणाऱ्यांच्याही पटकन लक्षात येत नाही. शिवाय ज्यांचं पोटच सर्टिफिकेटांवर आहे त्या संस्था: लोकांचे अर्ज वाचून सर्टिफिकेटं देणारे, आणि ग्राहकांची सर्टिफिकेटं आपल्या सर्व्हरवर चढवून घेणारे होस्टिंगवाले. त्यांना तर कुणीही फाइल देऊ शकतं, तोच त्यांचा धंदा.

दुरुस्ती वाचली तर हसू येईल इतकी छोटी आहे. ‘१ येईपर्यंत’ चालणारा लूप काढून टाकला आणि त्याजागी ‘मोजणी मर्यादेहून कमी आहे तोवर’ चालणारा बसवला. लूपमधून बाहेर आल्यावर एक प्रश्न: मोजणी मर्यादेला पोचली किंवा पलीकडे गेली का? गेली असेल तर चूक कळवून बाहेर. ती टीपही बदलली. भाजक मूळ असलाच पाहिजे, हे कायम आहे. पुढे जोडलं आहे की नसेल तर चूक कळवली जाईल किंवा चुकीचं उत्तर मिळेल. चुकीचं उत्तर मिळालं तरी चालेल, हे सुरक्षेच्या कोडमध्ये वाचून दचकायला होतं, पण ते बरोबर आहे. चुकीच्या उत्तरातून बनलेली की पुढच्या तपासणीत आपोआप गळते. गळण्यासाठी आधी उत्तर मात्र यायला हवं.

१५ मार्चला १.१.१एन आणि ३.०.२ या आवृत्त्या सर्वांसाठी आल्या. १.०.२ची दुरुस्ती पैसे भरून आधार घेणाऱ्यांपुरती होती आणि १.१.० केव्हाच मोडीत निघालेली. ओपनएसएसएलपासून २०१४मध्ये फुटून निघालेल्या लिब्रेएसएसएलमध्येही तोच वारसा होता. त्यांनीही दुरुस्त आवृत्त्या काढल्या. पुढचं काम लांबलं. घरगुती साठवणपेट्या बनवणाऱ्या क्यूनॅपने मार्चअखेरीस आपल्या ग्राहकांना सावध केलं, फायरवॉल बनवणाऱ्या पालो आल्टो नेटवर्क्सलाही आपल्या उपकरणांबाबत निवेदन काढावं लागलं. ही लायब्ररी अनेक उत्पादनांत पोटात शिवलेली असते. बाहेरून बदलता येत नाही, उत्पादकाने नवं फर्मवेअर द्यावं लागतं, आणि मालकाने ते चढवावं लागतं.

ज्यांच्याकडे सर्व्हर सांभाळायचं काम आहे त्यांना इथे आणखी एक खाचखळगा भेटतो. कमांड देऊन आवृत्तीचा आकडा विचारला तर तो जुनाच दिसू शकतो आणि तरी यंत्र सुरक्षित असू शकतं, कारण डेबियन किंवा रेड हॅटसारखे लिनक्सचे वितरक आकडा न बदलता जुन्या आवृत्तीतच दुरुस्ती शिवून देतात. उलट, पॅकेज नवं चढवलं तरी आधीपासून चालू असलेली प्रक्रिया मेमरीतली जुनीच लायब्ररी वापरत राहते. ती बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. म्हणून आकड्यावर न जाता वितरकाच्या बदलनोंदीत ०७७८ हा क्रमांक शोधायचा, आणि मग सर्व्हर रीस्टार्ट झालाय का ते पाहायचं.